दोनदा तुटलेली नस

जयवंताबाई तायडेंबद्दल लिहायला बसले की आधी माझीच मान खाली जाते. ज्या सकाळी त्यांनी धावत्या एसटीत सत्तुराचं पातं उघड्या हातानं धरलं, त्या सकाळी मी त्याच गाडीत तिसऱ्या सीटवर होते. मांडीवर तपासायच्या वह्यांची पिशवी होती. ती छातीशी धरून मी बसून राहिले.

मी अकोटला राहते आणि अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवते. सकाळी सव्वासातच्या गाडीनं जायचं. त्या गाडीवर जयवंताबाई चार-पाच वर्षं कंडक्टर होत्या. बेताची उंची, रुंद खांदे, आणि आवाज असा की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा माणूस दचकून खिशात हात घालायचा. मारायलाही तिखट. एकदा पन्नाशीच्या एका गृहस्थानं गर्दीचा फायदा घेऊन कॉलेजच्या मुलीच्या कमरेला हात लावला. जयवंताबाईंनी घंटी मारून गाडी थांबवली, त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि पाटसूल फाट्यावर उतरवून दिलं. तो खालून ओरडत होता, तक्रार करीन म्हणून. जयवंताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कर न! बिल्ल्याचा नंबर सांगू का? लिहून घे."

हे मारणं त्या कुठं शिकल्या, ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. त्यांचं माहेर कौंडण्यपूरच्या जवळचं, वर्धा नदीच्या काठाचं. वडील मोतीराम हमाली करायचे. दिवसभर पाठीवर पोती, आणि घरी आले की बायकोवर हात. कारण लागायचं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मार आणि बरोबर पडलं तरी मार. जयवंता चौदा वर्षांची होती तेव्हा एका दुपारी त्यांनी चुलीतलं पेटतं लाकूड उचललं. जयवंतानं त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. लाकूड खाली पडलं. मोतीराम गुडघ्यावर आले, तरी तिनं सोडलं नाही. आईच तिच्या पाठीत धपाटे घालून ओरडायला लागली, "सोड वं, मरन तुहा बाप!"

"तवापासून बापानं मायले हात नाई लावला," जयवंताबाई म्हणाल्या. "मले वाटलं, हेच औषध हाये जगात. आपल्यापाशी हात हाये, तं कोनाले भ्याचं काहून?"

पुढे त्या बारावी झाल्या, परीक्षा देऊन एसटीत लागल्या. नवरा नागसेन अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात. तो तिकडेच खोली घेऊन राहायचा, सुटीच्या दिवशी अकोटला यायचा. मुलगी आकांक्षा बारावीला होती.

अपेक्षा ही आमच्या गाडीतली रोजची मुलगी. चोहोट्ट्याच्या अलीकडच्या खेड्यातून चढायची, अकोल्याला नर्सिंग शिकायची. तिच्याच गावचा सागर नावाचा एक पोरगा वर्षभर तिच्या मागे होता. गाडीत चढायचा, तिच्या शेजारी येऊन उभा राहायचा, फोन दे म्हणायचा. जयवंताबाईंनी त्याला दोनदा खाली उतरवलं होतं. दुसऱ्या वेळी कानाखाली काढली होती आणि अपेक्षाला म्हणाल्या होत्या, "तुह्या बापाले सांग." अपेक्षानं सांगितलं नव्हतं. बाप चंद्रभान, शेतीवाला माणूस, कडक. सांगितलं तर कॉलेजच बंद होईल, अशी तिला भीती.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. त्या दिवशी सागर चढला तो मान खाली घालून. अकोल्याचं तिकीट मागितलं. जयवंताबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण तिकीट मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तो मागे जाऊन बसला. गाडी गांधीग्रामजवळ आली असेल, तेव्हा मला मागून एक किंकाळी ऐकू आली.

मी वळून पाहिलं. सागर उभा होता आणि त्याच्या हातात मटण तोडायचा सत्तूर होता. पहिला घाव अपेक्षाच्या गळ्याच्या खालच्या हाडावर बसला होता. तिचा पांढरा गणवेश बघता बघता लाल झाला. ती दोन बाकांच्या मधल्या जागेत घसरली होती आणि तो तिच्यावर वाकून दुसरा घाव घालत होता. आजूबाजूची माणसं बाकांवर चढून मागे सरकली. गाडीत चाळीसेक माणसं होती. पिळदार दंडांचे तरुण होते, एक पोलीसपाटील होते आणि मी होते.

जयवंताबाई पुढून धावल्या. तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच लटकत होतं. सत्तूर खाली येत होता, आणि त्यांनी उजवा हात पुढे घालून तो पात्याकडूनच धरला. मुठीत. त्यानं ओढला. त्यांनी सोडला नाही. त्यानं पुन्हा ओढला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि मला ते पातं त्यांच्या बोटांतून सरकताना दिसलं. त्यांनी कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. नाक फुटल्याचा आवाज मला तिसऱ्या सीटवर ऐकू आला. मग गुडघा पोटात. तो खाली पडला तेव्हा सत्तूर जयवंताबाईंच्याच मुठीत होता, फक्त ती मूठ राहिली नव्हती. बोटं उघडली आणि सत्तूर आपसूक खाली पडला.

तेव्हा कुठे माणसं उठली. आता त्याच्या हातात काही नव्हतं ना! जे बाकांवर चढले होते तेच त्याला लाथा घालायला लागले. कुणी त्याचं डोकं बाकाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. कुणी चप्पल तोंडावर मारली. जयवंताबाईंनीही त्याला एक लाथ घातली. हे त्या लपवत नाहीत. मग ड्रायव्हर नत्थुजी गाडी थांबवून मागे आले. साठीला टेकलेला माणूस, पण त्यांनी ढकलून सगळ्यांना बाजूला केलं. "जीव घेता काय त्याचा? सरा!" त्यांनी आपला दुपट्टा जयवंताबाईंच्या हाताला गच्च गुंडाळला, दुसरा कुणाचा तरी अपेक्षाच्या गळ्याशी दाबून धरायला लावला आणि म्हणाले, "कोनी उतरू नका. गाडी सीधी दवाखान्यात."

चाळीस माणसांसकट ती एसटी अकोल्याच्या सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

अपेक्षा वाचली. हाड तुटलं होतं, मोठी रक्तवाहिनी बोटभर अंतरानं वाचली होती. जयवंताबाईंच्या हाताचं मात्र काम वाढलं. मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी, तिन्ही सरळ ताठ राहिली होती. मिटत नव्हती. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "नस कापली गेली काय?" आपल्याकडे सगळ्यालाच नस म्हणतात. डॉक्टरांनी समजावलं, की ही रक्ताची नस नव्हे, कंडरा. हाताच्या स्नायूपासून बोटाच्या टोकापर्यंत जाणारा दोर. स्नायू तो ओढतो तेव्हा बोट मिटतं. दोरच कापला की स्नायू कितीही ओढू देत. अडीच-तीन तास ऑपरेशन चाललं. दोर जोडले, मनगट वाकवून हात साच्यात बसवला आणि सांगितलं, "सहा आठवडे या हातानं काही धरायचं नाही. चमचासुद्धा नाही. शिवण आत्ता दोऱ्यावर उभी आहे, तुमच्या शरीरानं ती अजून जोडलेली नाही. झटका बसला की तुटणार."

पाच आठवडे त्यांनी पाळलं. साच्यातल्या साच्यात, शिकवल्याप्रमाणे दुसऱ्या हातानं बोटं हळूच मिटवायची आणि सोडायची, एवढंच. आकांक्षा त्यांची वेणी घालून द्यायची. पाचव्या आठवड्यात अकोटच्या कोर्टात सागरच्या जामिनाची तारीख लागली. जयवंताबाई नत्थुजींना घेऊन गेल्या. जामीन मिळाला नाही. बाहेर आल्या तेव्हा आवारात सागरचा काका गोपाल उभा होता. तो काय बोलला ते मी लिहीत नाही. आधी बाई म्हणून बोलला, मग जातीवरून बोलला आणि शेवटी म्हणाला, "तुले कोनी सांगतलं होतं मधात पडाले?"

नत्थुजींनी मला सांगितलं, की त्यांनी जयवंताबाईंचा डावा दंड धरला होता. पण उजवा मोकळा होता. त्यांनी साचा बांधलेला तो हात उचलला, साच्याबाहेरच्या बोटांनी गोपालची कॉलर पकडली आणि त्याला ओढलं. गोपाल घाबरून झटक्यानं मागे सरला.

"आवाज झाला," त्या म्हणाल्या. "सुतळी तुटते न, तसा. पह्यले एक, मंग दुसरा. दुखलं नाई जास्त. पन मले समजलं."

मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही बोटं पुन्हा सरळ झाली होती.

नागसेन येऊन त्यांना अमरावतीला घेऊन गेला. तिथं डॉ. नीलम गावंडे नावाच्या सर्जन आहेत, फक्त हाताची ऑपरेशनं करतात. पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणाऱ्या. त्यांनी साचा सोडला, बोटं पाहिली आणि विचारलं, "कुणाची कॉलर होती?"

"त्याच्या काकाची."

"काकाला काही झालं?"

"गुंडी तुटली एक."

"बघा. त्याची एक गुंडी, तुमच्या दोन कंडरा."

जयवंताबाईंना हसू आलं नाही. नागसेनलाही नाही. डॉक्टरबाई मग गंभीर झाल्या. जुन्या जागी टोकं पिंजून गेली असतील, म्हणाल्या, नुसती शिवून भागणार नाही. मनगटाजवळ प्रत्येकाला नाही, पण बहुतेकांना एक जादा कंडरा असते, तिच्यावाचून हाताचं अडत नाही. ती काढून मधे जोड द्यावा लागेल. आणि आणखी एक करता येईल.

"तुमच्याच दंडातून रक्त घ्यायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी येतं. त्यात प्लेटलेट असतात. डेंगूत कमी होतात ना, त्याच. जखम झाली की त्या तिथे गोळा होतात आणि आपल्यातली काही द्रव्यं सोडतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ती आसपासच्या पेशींना कामाला लावतात, नवे धागे विणायला लावतात. कंडरेला मुळातच रक्त कमी पोचतं, म्हणून तिची जखम रेंगाळते. तर ते पाणी आपणच तिथे नेऊन सोडायचं. ऑपरेशनच्या वेळी एकदा, पुढे दोनदा सुईनं."

"गुन येते?"

"शपथ घेणार नाही. कोपराला, टाचेला देऊन पुष्कळ वर्षं झाली, तिथंसुद्धा डॉक्टरांचं एकमत नाही. बोटांच्या कंडरांवर तर फार थोडं काम झालंय. मी आतापर्यंत अकरा जणांना दिलं. सात जणांचं बरं आहे. पण त्यांचं त्याशिवायही बरं झालं असतं का, ते मला माहीत नाही. रक्त तुमचंच, त्यामुळे अपायाची भीती कमी. नको असेल तर नुसता जोड देऊ."

जयवंताबाईंनी दंड पुढे केला. "माहंच रक्त न? लय सांडलं गाडीत. आता कामी तं येऊ द्या."

ऑपरेशन त्या जाग्या असतानाच झालं. हात तेवढा बधिर केला होता. डॉक्टरांना मधेच बोट हलवून पाहायचं होतं, जोड नीट सरकतो की अडकतो ते. जयवंताबाईंनी पडद्यावरून डोकावून आत पाहिलं. तळहात फाटलेल्या वांग्यासारखा उघडा होता. आत पांढरे, चकचकीत दोर. डॉक्टर म्हणाल्या, "मिटवा." त्यांनी मनात मिटवलं आणि तो पांढरा दोर त्यांच्या डोळ्यांसमोर सरकला. मग शिसपेन्सिलीएवढ्या नळीतून ते पिवळं पाणी, आता डिंकासारखं घट्ट झालेलं, जोडावर ठेवलं गेलं. त्यांना ओकारी आली. तरी पाहत राहिल्या.

पुढचे तीन महिने त्या नांदगाव पेठेला नागसेनच्या खोलीत राहिल्या, कारण दर दोन दिवसांनी अमरावतीला व्यायामाला जावं लागायचं. सुया दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात. बोटाच्या मुळाशी, सोनोग्राफीत पाहत पाहत, हळूहळू. सुईपेक्षा आत सोडलेल्या पाण्याचा दाब दुखायचा, बोट आतून फुटतंय असं वाटायचं. पुढचे दोन दिवस ठणका. सूज कमी करणारी गोळी घ्यायची नाही असं बजावलेलं, कारण ती सूज हवी होती. मग व्यायाम. जोड फार भरला तर आजूबाजूच्या मांसाला चिकटतो आणि कमी भरला तर तुटतो, म्हणून रोज ठरलेलं तेवढंच, ठरलेल्या कोनापर्यंतच. व्यायाम घेणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची. ती बोट धरून वाकवायची आणि जयवंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "तिले एक ठेवून द्यावं वाटे," त्या म्हणाल्या, "पन ठेवू कायनं?"

सगळ्यात वाईट दिवस तिसऱ्या आठवड्यातला. दुपारी नागसेन कारखान्यातून जेवायला आला होता. भाकरी त्यानंच केली होती, जाड, एका बाजूनं कच्ची. तो सहज म्हणाला, "त्या दिवशी कॉलर नसती धरली तं आज ड्युटीवर असती." जयवंताबाईंनी डाव्या हातानं वरणाची पितळी उचलली आणि त्याच्या तोंडावर फेकली. भुवई फाटली. वरण आणि रक्त त्याच्या शर्टावर उतरलं. तो भिंतीला टेकून बसला, एका हातानं भुवई दाबून, आणि दुसरा हात त्यानं समोर धरला. पुन्हा मारायला आल्या तर अडवायला.

जयवंताबाईंनी त्या धरलेल्या हाताकडे पाहिलं. हा हात त्यांनी पाहिलेला होता. आई असाच धरायची.

"मी तिथंच खाली बसली," त्यांनी सांगितलं. "म्हटलं, मोतीरामचीच पोरगी हाये मी. बापाले थांबवलं असं वाटे मले. थांबवलं कुठी? मीच घेऊन फिरून राहिली त्याले."

नागसेनच्या भुवईला तीन टाके पडले. टाके घालून आला तोही डॉ. नीलमच्याच दवाखान्यातून. डॉक्टरबाई जयवंताबाईंना फक्त एवढं म्हणाल्या, "तुमचा राग खरा आहे, मला मान्य आहे. पण या बोटांना तो कळत नाही. तीन महिने त्यांना रागवायला लावू नका." उपदेश म्हणून ते फार मोठं नव्हतं. तरी जयवंताबाई तेव्हापासून राग आला की खोलीबाहेर निघून चालायला लागायच्या. एमआयडीसीच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या भिंतीच्या कडेनं, साचा गळ्यात अडकवून, भर उन्हात. कधी कधी महामार्गापर्यंत जाऊन यायच्या आणि वाटेत मोठ्यानं शिव्या द्यायच्या. ट्रकवाले पाहत राहायचे.

मी त्यांना भेटायला गेले ती मेमध्ये, शाळेला सुटी लागल्यावर. संत्री घेऊन गेले होते. त्यांनी डाव्या हातानं चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी होत्या न त्या दिवशी? तिसऱ्या सीटवर?"

"होते."

"मंग पोलिसाले काहून नाई सांगतलं? चाळीस जन होते. जबाब किती जनानं देल्ला माहीत हाये? दोघांनं. मी अन् नत्थुजी. सागरचा वकील म्हनून राहिला का सत्तूर माह्याच हातात होता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र बसायला ती खोली पुरेना. मी म्हणाले, "मला भीती वाटली, जयवंताबाई. तेव्हाही आणि नंतरही."

"वाटते," त्या म्हणाल्या. "मले बी वाटली. मले त्याच्या हाती सत्तूर दिसला तवा पायात मुतली मी. खाकी पँट होती म्हनून दिसलं नाई कोनाले."

दुसऱ्या दिवशी मी अकोटला परतले आणि जबाब दिला. माझ्यानंतर आणखी तिघे तयार झाले. पोलीसपाटील झाले नाहीत.

दुसऱ्या ऑपरेशनला सहा महिने झाल्यावर डॉ. नीलमनी बोटं किती मिटतात ते मोजलं. मधलं बोट तळहाताला टेकत होतं. शेजारचं बोट तळहातापासून एका बोटाच्या रुंदीवर अडायचं. करंगळी, जी पहिल्याच ऑपरेशनमध्ये टिकली होती, ती बधिर होती आणि अर्धवट वाकलेली राहिली. जयवंताबाईंनी विचारलं, "हे त्या पान्यानं झालं?"

"काही पाण्यानं झालं असेल. काही जोड चांगला बसला म्हणून. काही तुम्ही पाच महिने कुणाला मारलं नाही म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "कशानं किती, ते मला सांगता येत नाही. वहीत मी बारावी केस म्हणून लिहिलंय, चांगली."

एसटीनं त्यांना आधी अकोटच्या स्टँडवर गाड्या पुकारायच्या कामाला बसवलं. तो आवाज माईकविना चालला असता, असं लोक म्हणायचे. अकराव्या महिन्यात वैद्यकीय तपासणी झाली आणि त्या पुन्हा सव्वासातच्या गाडीवर आल्या. मशीन आता उजव्या हातात धरत नाहीत. गळ्यात अडकवून डाव्या हातानं बटणं दाबतात. पहिले काही दिवस वेळ लागायचा. कुणी घाई केली नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मधल्या काळात चंद्रभाननी मुलीचं कॉलेज बंद केलं नाही, पण तिला नागपूरला मावशीकडे पाठवलं, आणि आता साक्ष नको, पोरीचं लग्न व्हायचं आहे, असं जयवंताबाईंना घरी येऊन हात जोडून सांगितलं. जयवंताबाई चिडल्या. चपला घालून बाहेर पडल्या, अकोटच्या बाजारातून एक फेरी मारून आल्या. तोवर चंद्रभान तसेच ओसरीवर बसून होते. जयवंताबाई म्हणाल्या, "तुमच्या पोरीवर जबरदस्ती नाई. पन मी तं सांगीन." आकांक्षानं अपेक्षाचा नंबर शोधून तिला फोन केला होता, हे चंद्रभानना माहीत नव्हतं. जयवंताबाईंनाही नव्हतं.

साक्षीच्या दिवशी अपेक्षा नागपूरहून एकटी आली. आता ती नोकरीला लागली होती. ओढणी काढून तिनं गळ्याखालचा व्रण न्यायाधीशांना दाखवला. जाड, जांभळट. सागर पिंजऱ्यात उभा होता. तिनं त्याच्याकडे बोट केलं, "हाच." न्यायाधीश पुरे म्हणेपर्यंत तिनं ते बोट खाली घेतलं नाही.

जयवंताबाईंच्या उलटतपासणीत वकिलानं विचारलं, "तुम्ही आरोपीच्या काकांना कोर्टाच्या आवारात मारहाण केली, हे खरं आहे?"

"नाई."

"नाही? लोकांनी पाहिलंय."

"मारलं नाई. कॉलर धरली. मारनारच होती, पन नस तुटली."

मागे बसलेले लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी तसंच लिहून घेतलं. "तुमचा स्वभाव मारकुटा आहे, तुम्हीच आधी हल्ला केला," वकील पुढे म्हणाला. जयवंताबाई म्हणाल्या, "स्वभाव मारकुटा हाये. ते खरं हाये. पन सत्तूर मी नाई आनला."

माझी साक्ष पाच मिनिटांत संपली. मी काय पाहिलं ते सांगितलं. मी काय केलं, ते कुणी विचारलं नाही.

सागरला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी गोपालनं जयवंताबाईंकडे पाहून थुंकी टाकली. त्या गाडी धरायची म्हणून पुढे निघून गेल्या.

आठवडाभरानं सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात चप्पल नाही. सागरची आई पार्वताबाई. जयवंताबाई ड्युटीचे कपडे घालून निघत होत्या. ही बाई उंबरठ्यापाशी बसली आणि दगडी उंबरठ्यावर कपाळ आपटायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रक्त आलं. "माह्या पोराले घेऊन गेले वं, दहा सालं!" आकांक्षा घाबरून ओरडली. शेजारणी जमल्या. एक म्हणाली, "हाकलून दे तिले."

जयवंताबाई खाली बसल्या. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि वर उचलून स्वतःच्या खांद्यावर दाबून ठेवलं. ती सुटायला धडपडत होती, बोचकारत होती, जयवंताबाईंच्या गालावर तिची नखं उमटली. "अपेक्षाची मायही अशीच रडली होती," जयवंताबाई तिच्या कानाशी म्हणत होत्या. "मी पाह्यलं. तुमचं लेकरू जिवंत हाये, बाई. तिचं बी जिवंत हाये. चूप राहा. चूप राहा." मला हे आकांक्षानं सांगितलं. बराच वेळ दोघी तशाच बसून होत्या. मग पार्वताबाईचं अंग सैल पडलं आणि ती हुंदके देत नुसती टेकून राहिली.

जयवंताबाईंनी तिच्या कपाळावर हळद दाबली, चहा पाजला आणि आकांक्षाला तिच्यासोबत स्टँडपर्यंत पाठवलं. स्वतः तोंड धुऊन डेपोत पोचल्या. गालावर ओरखडे होते. नत्थुजींच्या जागी आता ललित नावाचा नवा ड्रायव्हर आहे, त्यानं विचारलं, "काय झालं बाई?"

"काई नाई. पाहुनी आली होती," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आमची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली.